दोन बोटं साल

माझ्या भाऊजींच्या अंगणात संत्र्याचं एक झाड आहे. ‘होतं’ म्हणायला अजून थोडे महिने लागतील, पण तेवढेच. मी शाळेत पाचवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. वनस्पतीचे अवयव आणि त्यांची कामं हा धडा मला झोपेतून उठवून विचारला तरी मी घडाघडा म्हणून दाखवीन. तेव्हा झाड जगतं कसं आणि मरतं कसं, हे मला कुणी समजावायला येऊ नये.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवून ‘आता दिसतंय ना स्वच्छ?’ असं ते इतक्या मायेनं विचारतात, की माणूस तिथल्या तिथे विरघळतो. सगळ्या गल्लीत देवमाणूस म्हणून नाव. पण त्यांचा जीव ना दुकानात, ना घरात. जीव सगळा त्या झाडात. पानावर डाग पडला तर जेवण जायचं नाही. ताईला ताप आला तर मात्र ‘घे एक गोळी’ म्हणून पेपर वाचत बसायचे.

दरवर्षी आमच्याकडे सभागृहात फळाफुलांचं प्रदर्शन भरतं. गेल्या वर्षी त्या दिवशी सकाळपासून ताईचं पोट दुखत होतं. दुखणं आदल्या दिवसापासूनच होतं, पण सकाळी ती वाकून चालायला लागली. भाऊजी म्हणाले, गॅस असेल, पडून राहा, आणि संत्र्यांची परडी छातीशी धरून निघून गेले. संध्याकाळी शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू आलं. त्यांनी गाडी करून तिला दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुपारी आणलं असतं तर. ताईने दुसरी सकाळ पाहिली नाही. मी तेव्हा शाळेच्या सहलीबरोबर लांब होते. मला सगळं संपल्यावर काकूंकडून कळलं.

भाऊजी दवाखान्यात पोचले ते हातात दुसऱ्या बक्षिसाची थाळी घेऊन. ती थाळी अजून दिवाणखान्याच्या कपाटात उभी आहे, ताईच्या फोटोशेजारी. भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे त्यांनी एकच पाढा वाचला. ‘मला कुणी कळवलंच नाही हो. फोन बंद पडला होता. कुणी सांगायला आलं असतं, तर असेल तिथून धावत सुटलो असतो.’ ऐकणारे डोळे पुसायचे. मी स्वयंपाकघरात दात-ओठ खात चहाचे कप विसळायचे.

एकदा मी तोंड उघडलं होतं. म्हटलं, भाऊजी, कळवायला कशाला हवं होतं? सकाळी ती तुमच्या डोळ्यांदेखत वाकून चालत होती. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. मग शांतपणे म्हणाले, ‘मास्तरीणबाई, मुंगीसाठी तुम्हाला या घराचं दार उघडं आहे. ते उघडं राहावं असं वाटत असेल, तर त्या दिवसाचा विषय परत काढायचा नाही.’

मुंगी म्हणजे ताईची मुलगी. लहानपणापासून सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते, म्हणून मुंगी. या वर्षी माझ्याच वर्गात आहे. शाळेत मी ‘बाई’, घरी ‘मावशी’, आणि ती या दोन्हींत कधी गल्लत करत नाही. त्या दिवशी ती घरीच होती. काकू म्हणाल्या, पोर पायरीवर बसून होती, हाक मारली तरी हलेना. त्यानंतर तिने आईचं नाव काढलं नाही, आणि आम्ही मोठ्यांनी, लहान आहे, विसरेल, असं म्हणून स्वतःची समजूत काढली. बापापुढे मावशीचं काय चालणार? दार बंद झालं असतं, तर ताईची ही एवढी एकच खूण मला रस्त्यापलीकडून बघत बसावी लागली असती. म्हणून मी गप्प राहिले. पण गप्प राहणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. मला त्या माणसाच्या तोंडून एकदा, एकदाच, ऐकायचं होतं की मी यायला हवं होतं. ते मिळत नसेल, तर ज्याच्यापायी त्याने ताईला टाकलं ते त्याच्या डोळ्यांसमोर वाळायला हवं होतं.

कसं, ते मला वर्गात सुचलं.

मी चार्ट टांगून ‘हे मूळ, हे खोड’ असलं शिकवत नाही. मी पोरांचंच झाड करते. काही पोरं जमिनीवर बादलीभोवती फतकल मारून बसतात, ती मुळं. खोडाच्या दोन रांगा. आतली रांग पाण्याचे पेले हातोहात वर पोचवते, बाहेरची रांग म्हणजे साल. खिडकीशी बाकांवर उभी असतात ती पानं, हातात हिरवे पुठ्ठे. पानांनी खालून आलेलं पाणी घ्यायचं, खिडकीतलं ऊन घ्यायचं, हवा घ्यायची आणि अन्न तयार करायचं. म्हणजे माझ्या पुड्यातलं एक बिस्किट काढायचं. ते बिस्किट सालीच्या रांगेतून खाली मुळांपर्यंत जातं. फुलं झालेल्या पोरी डोक्याला रंगीत कागद लावून नुसत्या मुरडत असतात. त्यांना कुणी कामचुकार म्हटलं, तर मी सांगते, बाबांनो, त्या किड्यांना बोलावतायत. किडा येणार, पराग आणणार, मग फळ धरणार. फळ व्हायला वर्गातला सगळ्यात खादाड पोरगा एका पायावर तयार असतो.

झाड छान चालू झालं की मी मधेच बाहेरच्या रांगेला खाली बसवते. म्हणते, ही बघा, मी खोडाची साल गोल काढली, बांगडीसारखी. आता काय होईल? पोरं ओरडतात, झाड मरेल. मी म्हणते, बघू या. पाणी तर आतल्या रांगेतून वर जातंच आहे. पानं हिरवीगार. बिस्किटं तयार होतायत, पण खाली जायला वाट नाही. मग ती जातात फळाकडे. खादाड पोराचे गाल फुगतात, सगळा वर्ग हसतो. आणि खाली मुळं उपाशी.

त्या दिवशी मुंगी मूळ झाली होती. सगळे हसत होते, आणि ती पेले भरून वर देत होती. तिने विचारलं, ‘बाई, वरून काही येईनासं झालं, तरी मुळाने पाणी पाठवायचं?’

मी म्हटलं, ‘पाठवत राहतं. जवळ साठवलेलं आहे तोवर.’

‘त्याला कुणी सांगत नाही?’

‘झाडात सांगायला कुणी नसतं, मुंगी.’

तिने आणखी एक पेला भरला. मग म्हणाली, ‘आणि थोडीशी साल ठेवली तर?’

‘दोन बोटं रुंद पट्टी ठेवली, तरी झाड वाचू शकतं. तेवढ्यातून अन्न उतरतं, आणि हळूहळू बाकीची जखमही भरून येते. पूर्ण गोल काढली, आणि चांगली रुंद काढली, तर मात्र गेलं. लगेच नाही. आधी फळं मोठी होतात, लोक वाहवा करतात. मुळं मेल्यावर झाडाला कळतं.’

सांगता सांगता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घंटा झाली तरी मी खडू हातात धरून उभी होते.

पुढच्या शनिवारी दुपारी भाऊजी दुकानात होते आणि मुंगी चित्रकलेच्या वर्गाला. झाड नुकतंच फुलून गेलं होतं, वाटाण्याएवढी फळं धरली होती. मी ताईच्या स्वयंपाकघरातून ताईचीच सुरी घेतली. मुद्दाम. भाऊजी बुंध्याभोवती वाळक्या पानांचा ढीग लावतात, मुळांना ओल राहावी म्हणून. तो बाजूला सारला आणि अगदी खाली, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे, सुरी टेकवली. साल त्या दिवसांत सैल असते. एक चीर वर, एक खाली, वीतभर अंतर ठेवून, आणि मधली साल हाताने ओढली की ओली, गुळगुळीत निघून येते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतके महिने छातीवर धोंडा होता, तो प्रत्येक पट्टीबरोबर थोडा थोडा सरकत होता. ही गॅसची. ही गोळीची. ही थाळीची.

पण झाड कुंपणाच्या भिंतीला इतकं लागून आहे की मागच्या बाजूला हात शिरेना. मनगट सोलवटलं, तरी दोन बोटं रुंदीची साल राहिलीच. लहान पातं आणायला हवं, असं मनाशी म्हणतेय तोच फाटक वाजलं. चित्रकलेच्या बाई आल्या नव्हत्या, मुंगी लवकर परतली होती. मी घाईघाईने जखमेवर चिखल थापला आणि पानं सारखी केली.

‘काय करतेस गं मावशी?’

‘तण काढतेय.’

तिने माझ्या हातातल्या सुरीकडे पाहिलं, मग झाडाकडे. म्हणाली, ‘तुझं मनगट सोलवटलंय,’ आणि आत जाऊन कापूस घेऊन आली.

उरलेली पट्टी मी पुढच्याच आठवड्यात काढणार होते. पण फळांनी बाळसं धरलं. एवढीशी वाट उरलेली, त्यामुळे पानांचं बहुतेक अन्न वरच अडकलं होतं. संत्री अशी भरायला लागली, की भाऊजी दुकानातून दिवसातून दोनदा घरी येऊन बघून जायचे. गल्लीतल्या लोकांना बोलावून दाखवायचे. मिशीला पीळ काय, ‘यंदा पहिलं माझंच’ ही भाषा काय. मग मी विचार केला, आत्ताच कशाला? मिळू दे पहिलं बक्षीस. चढू दे वर. प्रदर्शन झालं की दुसऱ्या दिवशी पट्टी काढते, मग बसा पिवळी पानं मोजत. उंचावरून पडलं की जास्त लागतं. हा हिशोब करताना मला जराही लाज वाटली नाही, आणि आजही वाटत नाही.

फक्त एक गोष्ट मला खटकत होती. पानं आत्ताच फिकी पडायला लागली होती. पट्टी असताना इतक्या लवकर पडायला नको होती. भाऊजींनी खताचं पोतं आणलं. रोज संध्याकाळी बापलेक मिळून पाणी घालायचे, ते पाइपने आणि मुंगी तिच्या छोट्या झारीने. मुंगी झाडापाशी उकिडवी बसून बराच वेळ बघत राहायची. भाऊजी कौतुकाने म्हणायचे, बापाचा गुण उतरलाय पोरीत.

प्रदर्शनात पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. एवढी मोठी संत्री म्हणे तिथे कुणी पाहिली नव्हती. मुंगीला शेजारी उभं करून ते माइकसमोर गेले आणि म्हणाले, ‘हे बक्षीस हिच्या आईचं आहे. गेल्या वर्षी याच दिवशी तिनेच मला हसत हसत पाठवलं होतं. म्हणाली, तुम्ही निर्धास्त जा, बक्षीस घेऊन या. तिच्या दुखण्याचं मला कुणी कळवलं असतं, तर आज ती इथे असती.’

सभागृहभर टाळ्या. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालायला जीभ कशी रेटते? जी बाई भिंतीला धरून चालत होती, ती म्हणे हसत हसत पाठवते. मी मुंगीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे बघत नव्हती, बापाकडेही नाही. ती थाळी पोटाशी धरून सरळ माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पर्समध्ये लहान पातं घालून तडक गेले. भाऊजी दुकानात असणार होते. पानांचा ढीग सारला, वाळलेला चिखल खरवडला, भिंतीच्या फटीत हात घातला आणि बोटांनी पट्टी चाचपायला लागले.

पट्टी नव्हती.

मी जमिनीवर आडवी होऊन डोकं भिंतीला घासून पाहिलं. साल निघालेली होती. ताजी नाही. खालचं लाकूड वाळून करडं झालं होतं, म्हणजे कित्येक आठवडे झाले असणार. माझ्यासारखी सुरीने ओढून काढलेली नव्हती, पेन्सिलीच्या टोकयंत्राच्या पात्याने खरवडावी तशी बारीक बारीक, धीराने काढली होती. कडेला एक धागासुद्धा ठेवला नव्हता. त्या फटीत मोठ्या माणसाचा हात शिरत नाही, हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत?

मागे पाणी सांडल्याचा आवाज झाला. मुंगी झारी घेऊन उभी होती.

‘मुंगी, हे तू केलंस?’

‘तुझं मागे राहिलं होतं,’ ती म्हणाली. ‘तूच म्हणालीस, दोन बोटं राहिली तर वाचतं.’

मी काही बोलणार, तेवढ्यात फाटक उघडलं. दुकानातून मधेच झाड बघून जायची त्यांची सवय मी विसरले होते; भाऊजीच आले होते. त्यांनी मला जमिनीवर पाहिलं, विस्कटलेली पानं पाहिली, मग उघडा बुंधा पाहिला. गुडघ्यांवर बसून त्यांनी त्या गोल जखमेवरून हात फिरवला. झाडातलं त्यांना कळतं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

‘कुणी केलं हे?’

‘मी,’ मी म्हटलं. झटकन म्हटलं, मुंगी बोलायच्या आत. ‘सगळं मी केलं. भाऊजी, आता दार बंद करायचं असेल तर करा, पण आधी ऐकून घ्या. ताई तुमच्यासमोर तडफडत होती आणि तुम्ही परडी उचलून गेलात. तुम्हाला संत्र्यावरचा डाग दिसतो, बायकोचा पांढरा पडलेला चेहरा दिसत नाही? तुमचं झाड मरणार आहे. कितीही पाणी घाला, मरणार. तुम्ही रोज बघायचं.’

ते उठून उभे राहिले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. ‘चालती हो. माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही, माझ्या मुलीच्या सावलीलाही उभं राहायचं नाही. मला खुनी ठरवतेस? मला माहीत तरी होतं का? आलं होतं का कुणी मला सांगायला? सांग ना, आलं होतं कुणी?’

‘मी आले होते,’ मुंगी म्हणाली.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

‘दुपारी मी पळत गेले होते सभागृहात,’ ती मला सांगायला लागली, वर्गात उत्तर सांगावं तशी, सरळ उभी राहून. ‘आई म्हणाली, बाबांना बोलाव, म्हणावं गाडी घेऊन या. मी बाबांना सांगितलं, आई रडतेय. बाबा संत्री पुसत होते. म्हणाले, परीक्षक पुढच्याच टेबलाशी आलेत, तू हो पुढे, मी आलोच. मग मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस आलीस म्हणून, लोक हसतील.’

मी भाऊजींकडे बघत होते. वर्षभर मला तो चेहरा बघायचा होता, आणि आता तो माझ्यासमोर होता. देवमाणूस गेला होता, आणि त्याच्या जागी एक म्हातारा होत चाललेला दुकानदार कुंपणाला टेकून उभा होता. मला वाटलं होतं, हे बघितल्यावर मला थंडावा मिळेल. पण त्याच्यापेक्षा माझं लक्ष मुंगीकडे होतं. एवढीशी पोर, आणि एवढं ओझं ती वर्षभर एकटीने वाहत होती. तिच्या शेजारी बसून मी तिला गणितं शिकवली, वेण्या घातल्या, आणि मला पत्ता लागला नाही.

भाऊजी तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी चष्मा काढला होता, पण पुसत नव्हते.

‘मग घरी जाऊन,’ त्यांनी विचारलं, ‘आईला काय सांगितलंस?’

मुंगीने झारी खाली ठेवली.

‘बाबा निघालेत, असं सांगितलं,’ ती म्हणाली. ‘मग आई म्हणाली, काकूंना नको उठवायला, आता ते येतीलच.’